भूपृष्ठमापन, वऱ्हाडातील

भूपृष्ठाची उंची व तीत कालांतराने होणारे बदल यांचे मापन. पूर्णेचे सपाट, गाळाचे खोरे आणि त्याच्या उत्तरेस एकदम उंचावणारे गाविलगडचे डोंगर अशी वऱ्हाडची भूरचना असल्याने मापनाच्या जुन्या व नव्या अशा दोन्ही साधनांची येथे कसोटी लागली.

विल्यम लॅम्टन यांनी दक्षिणेकडून आणलेल्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचे काम, २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाट येथे त्यांचे निधन झाल्यावर, जॉर्ज एव्हरेस्ट यांनी पुढे नेले. दमरगिडा (१८° ३′ उ.) ते कल्याणपूर (२४° ७′ उ.) या याम्योत्तर कंसाचे मधले स्थानक एलिचपूरच्या (अचलपूरच्या) दक्षिणेस टाकळखेडा येथे होते. उत्तरेकडील डोंगरांच्या आकर्षणाने ओळंबा किंचित ढळतो व त्यामुळे अक्षांश चुकतो, याचा विचार एव्हरेस्ट यांना येथे करावा लागला.

रडारपद्धतीत ओळंबा लागत नाही. फेब्रुवारी २००० मध्ये ‘एंडेव्हर’ या अवकाशयानाने ६० मी. लांब दांड्याच्या दोन टोकांवरील ग्राहकांनी एकाच वेळी परावर्तित तरंग टिपून पृथ्वीवरील सु. ८० टक्के भूभागाची उंची नोंदविली. दोन तरंगांच्या कलांतील फरकावरून उंची काढतात. एकाच स्थळाची वेगवेगळ्या दिवशीची चित्रे ताडून पाहिल्यास जमिनीची काही सेंमी. हालचालही कळते. कॅलिफोर्नियातील १९९२ च्या लँडर्स भूकंपाने झालेले भूविस्थापन याच रीतीने दाखविण्यात आले.

वऱ्हाडात मात्र अडचणी आहेत. काळी जमीन पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते व दरवर्षी नांगरली जाते; त्यामुळे दोन चित्रांतील संगती तुटते. मेळघाटात सु. ५·६ सेंमी. लांबीचे तरंग बरेचसे सागाच्या पर्णसंभारावरूनच परततात आणि उंची प्रत्यक्षाहून अधिक भरते. सु. २४ सेंमी. लांबीचे तरंग पानांतून अधिक खोल जातात. असे रडार असलेला भारत व अमेरिका यांचा ‘निसार’ उपग्रह ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोटा येथून सोडण्यात आला. तो दर १२ दिवसांनी त्याच मार्गावरून जातो.

या अचूकतेला व्यावहारिक महत्त्व आहे. अमरावती, अकोला व बुलढाणा जिल्ह्यांतील खारपाण पट्ट्यात उतार अत्यल्प असून पाणी कोठे साचेल, हे थोड्याशा उंचसखलपणावर ठरते. २००० च्या मापनात १६ मी. पर्यंतची चूक गृहीत धरलेली होती. त्यामुळे खोऱ्याचे सर्वसाधारण स्वरूप समजण्यास ते नकाशे उपयुक्त असले, तरी शेतातील चराची पातळी ठरविण्यासाठी जमिनीवरील समतलनाची जागा ते घेऊ शकत नाहीत.