लेखणीवर चाललेले घर

कोणाचीही चाकरी न पत्करता आपले लिखाण इंटरनेटवर स्वतःच प्रसिद्ध करावे आणि वाचकांच्या वर्गणीवर चरितार्थ चालवावा, असा प्रयत्न करणारे तरुण लेखक आज ठिकठिकाणी आढळतात. ही वाट अगदी नवी आहे, असा त्यांचा समज असतो. साधन नवे आहे खरे. वाट मात्र सहाशे वर्षांपूर्वी पॅरिसमध्ये एका विधवेने तुडविली होती. सेमिनरीत ख्रिस्तसभेचा इतिहास शिकताना पॅरिस विद्यापीठाचे चॅन्सेलर जाँ गेर्सन यांचे नाव आम्हांला पाठ होते. एका गाजलेल्या वाङ्मयीन वादात त्यांच्याच बाजूने लढलेल्या क्रिस्तीन द पिझाँ हिचे नाव मात्र कधी कानांवर आले नाही.

क्रिस्तीनचा जन्म सुमारे १३६४ साली व्हेनिस येथे झाला. वडील फ्रान्सचा राजा पाचवा चार्ल्स याच्या दरबारी ज्योतिषी व वैद्य होते. पंधराव्या वर्षी तिचा विवाह राजाच्या चिटणिसांपैकी एत्येन द्यु कास्तेल याच्याशी झाला. पुढे राजा वारला, वडील वारले आणि १३९० साली साथीच्या रोगात पतीही गेला. पंचविशीतल्या क्रिस्तीनच्या पदरात मुले, म्हातारी आई आणि एक भाची. पतीचे थकलेले वेतन मिळविण्यासाठी तिला अनेक वर्षे न्यायकचेऱ्यांचे उंबरठे झिजवावे लागले. अंगावर जुना पण नीट जपलेला फरचा झगा, घरात सुरेख शय्या आणि त्या शय्येवर डोळ्याला डोळा नाही. गरिबी लोकांपासून लपविण्याची ही धडपड तिने स्वतःच लिहून ठेवली आहे. खाऊनपिऊन सुखी घर एकाएकी खचले म्हणजे काय होते, हे आपल्याही कुटुंबांना ठाऊक आहे.

प्रारंभी तिने लोकांना रुचणारी प्रेमगीते लिहिली. पण तेवढ्यावर ती थांबली नाही. मुळाक्षरे गिरविणाऱ्या बालकाप्रमाणे तिने प्राचीन इतिहास, मग शास्त्रे, मग काव्य असा अभ्यास आरंभिला. १४०५ साली तिचे ‘स्त्रियांचे नगर’ हे पुस्तक सिद्ध झाले. स्त्रीजातीची निंदा करणाऱ्या विद्वानांना दिलेले ते साधार उत्तर होय.

त्या काळी मुद्रणकला युरोपात आलेली नव्हती. पुस्तक चर्मपत्रावर लिहावयाचे, चित्रांनी सजवावयाचे, एखाद्या सरदाराला अर्पण करावयाचे आणि तो खुशीने जे देईल ते घ्यावयाचे. ठरलेला दर असा नव्हताच. क्रिस्तीनने हा व्यवहार आपल्या देखरेखीखाली ठेवला. तिच्या देखरेखीखाली तयार झालेल्या पन्नासांहून अधिक हस्तलिखित प्रती आजही उपलब्ध असून त्यांतील काहींवर तिचेच हस्ताक्षर असल्याचे अभ्यासक मानतात. समासांवर वेलबुट्टी काढणाऱ्या अनास्तासिया नावाच्या चित्रकर्तीचा तिने कौतुकाने उल्लेख केला आहे. एकच पुस्तक ती निरनिराळ्या राजपुरुषांना निरनिराळ्या अर्पणपत्रिकांसह पाठवी. हे वाचताना मला प्रथम जरा खटकले. पण आश्रयदाते अनेक असल्यावाचून कोणा एकाला नकार देता येत नाही, हे तिने ओळखले होते. इंग्लंडचा चौथा हेन्री याने तिला आपल्या दरबारी बोलाविले तेव्हा तिचा मुलगा तिकडेच होता. तिने उघड नकार दिला नाही. गोड बोलून, काही पुस्तके पाठवून मुलाला सोडवून आणले, आणि स्वतः पॅरिस सोडले नाही.

स्तुतीने मात्र तिची दृष्टी झाकोळली नाही. राजेलोक आपली पुस्तके स्वीकारतात ती गुणांपेक्षा ‘बाई लिहिते’ या नवलाईमुळे, असे तिने निःसंकोच नोंदविले आहे. लेखकाला स्वतःविषयी इतके स्वच्छ दिसणे दुर्मीळ!

१४१८ साली यादवीत पॅरिस बर्गंडीच्या पक्षाच्या हाती पडले आणि क्रिस्तीनने एका मठाचा आश्रय घेतला. तो बहुधा प्वासी येथील दोमिनिकन मठ असावा. तिची कन्या तेथेच धर्मभगिनी होती. अकरा वर्षे गेली. मग ऑर्लेआंचा वेढा एका खेडवळ मुलीने उठविल्याची वार्ता तिथवर पोहोचली आणि म्हातारीने पुन्हा लेखणी उचलली. ३१ जुलै १४२९ रोजी तिने जोन ऑफ आर्कवरील काव्य पुरे केले. जोन पकडली जावयास तेव्हा दहा महिने अवकाश होता, आणि ख्रिस्तसभेने तिला संतपद देण्यास १९२० साल उजाडावयाचे होते. क्रिस्तीनचे त्यानंतरचे काही लिखाण उपलब्ध नाही.