पराभवाची गोष्ट सरस का ठरली?

एखादा चित्रपट गाजला की त्याचा पुढचा भाग येणार, हे प्रेक्षकांनी आता गृहीतच धरले आहे. हा पुढचा भाग बहुधा पहिल्याची फिकी नक्कल ठरतो, हा अनुभवही जुनाच. विज्ञानपटांच्या इतिहासात मात्र असा एक दुसरा भाग आहे, जो पहिल्यापेक्षा गडद आणि उदास असूनही अनेक समीक्षक व चाहते त्यालाच उजवे माप देतात. तो म्हणजे १९८० साली आलेला 'द एम्पायर स्ट्राइक्स बॅक'.

जॉर्ज लुकास यांचा 'स्टार वॉर्स' २५ मे १९७७ रोजी अमेरिकेत प्रदर्शित झाला. त्याची कथा परीकथेइतकी सरळ होती. काका-काकूंच्या शेतावर वाढलेला ल्यूक स्कायवॉकर राजकन्या लियाच्या सुटकेसाठी बाहेर पडतो आणि अखेरीस साम्राज्याचे 'डेथ स्टार' हे महाकाय शस्त्र नष्ट करतो. पदकप्रदानाच्या सोहळ्याने पडदा पडतो. या यशानंतर तोच साचा पुन्हा वापरणे सर्वात सोपे होते. लुकास यांनी ते टाळले.

त्यात जोखीम मोठी होती. दुसऱ्या भागासाठी लुकास यांनी पहिल्या चित्रपटाच्या नफ्यातून आलेला स्वतःचा पैसा आणि बँकेचे कर्ज पणाला लावले होते. सुमारे १ कोटी ८० लाख डॉलरचे मूळ अंदाजपत्रक ३ कोटींच्या घरात पोहोचले. दिग्दर्शनाची सूत्रे त्यांनी आयर्विन कर्शनर यांच्याकडे सोपवली. कर्शनर यांची ओळख भव्य युद्धदृश्यांसाठी नव्हती. व्यक्तिरेखांच्या मनात डोकावणारा दिग्दर्शक ही त्यांची ख्याती होती. ही निवडच पुढच्या चित्रपटाचा सूर सांगणारी ठरली.

उलटा आराखडा

पहिल्या चित्रपटात सर्वात मोठी लढाई शेवटी येते. दुसऱ्यात ती आरंभीच, हॉथ या बर्फाळ ग्रहावर होते आणि बंडखोर ती हरतात. त्यानंतर कथा आक्रसत जाते. हान सोलो आणि लिया जीव मुठीत धरून पळत राहतात. ल्यूक दलदलीच्या ग्रहावर योडा या वृद्ध गुरूकडे विद्या शिकू लागतो. तेथील गुहेत त्याला खलनायक डार्थ व्हेडरचा भास होतो. तो त्याचे शिर उडवतो, तेव्हा मुखवट्याआड त्याला स्वतःचाच चेहरा दिसतो. शत्रू बाहेर जितका आहे तितकाच आतही असू शकतो, ही शक्यता पहिल्या चित्रपटाला शिवलीही नव्हती.

पुढे मित्र संकटात असल्याची चाहूल लागताच ल्यूक गुरूचा सल्ला डावलून, शिक्षण अर्धवट टाकून निघतो. परिणामी तो मित्रांना वाचवू शकत नाही आणि व्हेडरशी झालेल्या द्वंद्वात आपला उजवा हात गमावून बसतो. येथील अंधार वरून ओतलेला नाही. तो नायकाच्या उतावळेपणातून, म्हणजेच त्याच्या स्वभावातून येतो. म्हणूनच तो प्रेक्षकाला पटतो आणि चटका लावतो.

भूतकाळ बदलणारे रहस्य

व्हेडर हाच ल्यूकचा पिता, हा या चित्रपटाचा कळस. गंमत म्हणजे पहिल्या मसुद्यात तो नव्हताच. विज्ञानकथा लेखिका ली ब्रॅकेट यांनी तो मसुदा लिहिला आणि मार्च १९७८ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यानंतर स्वतः लुकास यांनी लिहिलेल्या मसुद्यात हे नाते आले. पुढे लॉरेन्स कॅस्डन यांनी पटकथेला अंतिम रूप दिले.

गुप्तता इतकी पाळली गेली की व्हेडरच्या पोशाखातील अभिनेते डेव्हिड प्राउझ यांच्या तोंडी सेटवर वेगळेच वाक्य देण्यात आले. खरे वाक्य नंतर जेम्स अर्ल जोन्स यांच्या आवाजात ध्वनिमुद्रित झाले. ल्यूकची भूमिका करणारे मार्क हॅमिल यांनाही ते चित्रीकरणाच्या थोडेच आधी सांगण्यात आले.

या एका वाक्याने पहिल्या चित्रपटाचा अर्थ मागे जाऊन बदलतो. व्हेडरने तुझ्या पित्याचा घात केला, असे वृद्ध ओबी-वान केनोबी तेथे सांगतो आणि ल्यूक त्यावर विश्वास ठेवतो. आता गुरूचा शब्द संशयास्पद ठरतो आणि शत्रूला मारणे हा सरळ मार्ग उरत नाही.

केवळ अंधार पुरत नाही

तीन अंकी नाटकात दुसऱ्या अंकाचा पडदा पेचावर पडतो. पात्रांची ओळख पहिल्या अंकात झालेली असते, उकल तिसऱ्यात व्हायची असते. दुसऱ्या भागाचे हेच बळ आहे. परिचयात वेळ घालवावा लागत नाही आणि पात्रांवर प्रेक्षकांचा जीव आधीच जडलेला असतो. हान सोलोला कार्बोनाइटमध्ये गोठवले जाते तेव्हा प्रेक्षक हळहळतो, कारण पहिल्या चित्रपटातील त्याचा बेफिकीर स्वभाव त्याला आठवत असतो.

तथापि गडदपणा ही यशाची हमी नव्हे. 'एलियन्स' (१९८६) या चित्रपटात नायिका रिप्ली न्यूट या चिमुरडीला प्राणपणाने वाचवते. 'एलियन ३' (१९९२) मध्ये मात्र ती मुलगी आरंभीच मृत दाखवण्यात आली. तो आघात कोणाच्या निवडीतून आलेला नव्हता. आधीच्या कथेची कमाईच त्याने पुसून टाकली. अनेक चाहत्यांनी ते कधीच माफ केले नाही.

'एम्पायर'चेही सुरुवातीला सर्वत्र स्वागत झाले नव्हते. 'न्यूयॉर्क टाइम्स'चे समीक्षक व्हिन्सेंट कॅन्बी यांना तो रुचला नव्हता. कथा अर्ध्यावर तुटते, ही तेव्हाची एक प्रमुख तक्रार होती. १९८० साली अमेरिकेत सर्वाधिक कमाई करूनही तो पहिल्या चित्रपटाच्या उत्पन्नाची बरोबरी करू शकला नाही. १९८३ मध्ये 'रिटर्न ऑफ द जेडाय'ने कथेची सांगता केली आणि त्यानंतर मधल्या भागाचे मोल वाढतच गेले. अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत 'स्टार वॉर्स' १९८९ मध्ये दाखल झाला. 'एम्पायर'ला तो मान २०१० मध्ये मिळाला.

पहिल्या चित्रपटाने प्रेक्षकांना एक स्वप्न दिले होते. त्या स्वप्नाची किंमत काय, हे दुसऱ्याने विचारले. ते विचारण्याचा अधिकार मात्र त्याला पहिल्यामुळेच मिळाला होता.