स्टीफन्सची ओवी आणि साष्टीची देवळे

आपला धर्म दुसऱ्यास सांगणे ही मुळात निंद्य गोष्ट नव्हे. आपल्या संतांनीही कीर्तनाच्या रंगणात तेच केले. प्रश्न एवढाच असतो की, सांगणारा ऐकणाऱ्याच्या भाषेचा मान राखतो काय, आणि ऐकणाऱ्यास नकार देण्याची मोकळीक असते काय. या दोन कसोट्या लावून आम्ही आज फादर थॉमस स्टीफन्स यांच्या कार्याकडे पाहणार आहोत.

हा इंग्रज जेझुइट पाद्री १५७९ च्या ऑक्टोबरात गोव्यास उतरला आणि १६१९ मध्ये मृत्यू येईपर्यंत गोमंतकातच राहिला. त्याचा बहुतेक काळ साष्टीत गेला. येथील भाषांची घडण ग्रीक व लॅटिन भाषांसारखी आहे, हे त्याने १५८३ मध्येच आपल्या भावास कळविले होते. विल्यम जोन्सने संस्कृताविषयी असाच विचार मांडला तो १७८६ मध्ये, म्हणजे दोनशे वर्षांनंतर!

पहिली कसोटी स्टीफन्स सहज उतरतो. पुराणश्रवण हा येथील लोकांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा संस्कार आहे, हे त्याने ओळखले. म्हणून १६१६ मध्ये छापलेले त्याचे ‘ख्रिस्तपुराण’ सुमारे अकरा हजार मराठी ओव्यांचे आहे. त्यात स्वर्गास वैकुंठ म्हटले आहे, श्रोते शंका विचारतात व पाद्री उत्तरे देतो. नागरी खिळ्यांअभावी ग्रंथ रोमन लिपीत निघाला, पण भाषा आपलीच राहिली. सामान्य जनांस शिकवावयाची प्रश्नोत्तरी मात्र त्याने घरच्या बोलीत, कोंकणीत, लिहिली. ती १६२२ मध्ये छापली गेली. त्याचे कोंकणी व्याकरण १६४० मध्ये निघाले. भारतीय भाषेचे ते पहिले मुद्रित व्याकरण होय. मराठी व कोंकणी यांचे भांडण न लावता दोघींना योग्य आसन देणारा हा परदेशी माणूस आम्हांस आजही काही शिकवू शकतो.

परंतु दुसऱ्या कसोटीचे काय? स्टीफन्स येण्यापूर्वी बाराच वर्षे, १५६७ मध्ये, साष्टीतील शेकडो देवालये पोर्तुगीज सत्तेने उद्ध्वस्त केली होती. कुशस्थळीचा मंगेश, केळोशीची शांतादुर्गा, वेर्ण्याची म्हालसा यांस भक्तांनी नदीपलीकडे अंत्रुजात नेले. नवख्रिस्ती लोकांस जुनी पुराणे ऐकण्याची बंदी होती, आणि तीच उणीव भरून काढण्याची मागणी ‘ख्रिस्तपुराणा’च्या आरंभी एक ब्राह्मण श्रोता करतो. ज्या बंदीने आमच्या पोथ्या घराबाहेर गेल्या, तिच्याच पोकळीत ही सुंदर ओवी जन्मली, हे विसरून कसे चालेल?

आणि सत्तेने पाद्र्यांचे हे भाषाकार्यही राखले नाही. १६८४ च्या हुकुमाने लोकांनी तीन वर्षांत कोंकणी सोडून पोर्तुगीज बोलावे, असे फर्माविले. पुढे १९०७ मध्ये मंगळूर येथे जोसेफ साल्ढाणा यांनी ‘ख्रिस्तपुराण’ पुन्हा प्रकाशात आणले.

तात्पर्य, स्टीफन्सच्या ओवीचा गौरव करण्यासाठी देवळांचा विध्वंस विसरण्याचे कारण नाही. आणि विध्वंसाची आठवण ठेवण्यासाठी ओवी नाकारण्याचेही कारण नाही. भाषेचा आदर ही धर्मसंवादाची पहिली पायरी होय. श्रोत्याचे स्वातंत्र्य ही दुसरी. त्या काळी पहिली चढली गेली, दुसरी राहिली. ती चढणे हे आता आपणा सर्वांचे, हिंदूंचे तसेच ख्रिस्ती बांधवांचे, समान कर्तव्य आहे.