श्रॉफ यांचे ऋण आणि जबलपूरहून गेलेल्या बाटल्या

दरवर्षी २५ सप्टेंबरला जागतिक फार्मासिस्ट दिन साजरा होतो. १९१२ साली याच तारखेला आंतरराष्ट्रीय औषधनिर्माण महासंघाची स्थापना झाली होती. या दिवशी ठिकठिकाणच्या संघटना ज्येष्ठ सदस्यांना शाल-श्रीफळ देतात आणि पूर्वसूरींच्या प्रतिमांना हार घालतात. २०२५ साली हा दिवस उजाडला तेव्हा मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात लहान मुलांची मूत्रपिंडे एकामागून एक निकामी होत होती. अनेकांना उपचारासाठी नागपूरला हलवण्यात आले. वीसहून अधिक मुले दगावली.

या मुलांना सर्दी-खोकल्यासाठी ‘कोल्ड्रिफ’ नावाचे पातळ औषध देण्यात आले होते. ते तमिळनाडूत तयार झाले आणि जबलपूरच्या एका घाऊक वितरकामार्फत छिंदवाड्यात पोहोचले. तमिळनाडूतील सरकारी प्रयोगशाळेने एसआर-१३ या बॅचची तपासणी केली तेव्हा त्यात ४८.६ टक्के डायएथिलिन ग्लायकॉल आढळले. या विषाची कमाल मर्यादा ०.१ टक्का आहे. म्हणजे मर्यादेच्या जवळजवळ ४८६ पट.

डायएथिलिन ग्लायकॉल हे रंगहीन, दाट आणि चवीला गोडसर असते. पातळ औषधांत वापरले जाणारे ग्लिसरीन किंवा प्रोपिलीन ग्लायकॉल आणि हे द्रव्य यांतील फरक डोळ्यांना कळत नाही. शरीरात त्याचे डायग्लायकॉलिक आम्ल बनते आणि ते मूत्रपिंडातील नलिकांच्या पेशी मारते. ते ओळखण्याची पद्धत मात्र अवघड नाही. वर्णलेखनाच्या साध्या चाचणीने त्याचे अस्तित्व कळते आणि वायू वर्णलेखनाने प्रमाण मोजता येते. चाचणी उपलब्ध असल्यामुळे खरा प्रश्न उरतो तो ती करणाऱ्या जबाबदार माणसाचा. भारतातील औषधनिर्मात्यांची संघटना याच प्रश्नातून जन्मली.

१९२०च्या दशकात भारतीय बाजारपेठ भेसळयुक्त आणि निकृष्ट औषधांनी भरलेली होती. त्यावर उपाय सुचवण्यासाठी १९३० साली लेफ्टनंट कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली. औषधांवर कायद्याचे नियंत्रण असावे आणि ती हाताळणाऱ्यांना शास्त्रीय शिक्षण मिळावे, असे समितीने १९३१ साली सांगितले. त्या काळी औषध देण्याचे काम बहुधा कंपाउंडर करीत. त्यांच्यासाठी विद्यापीठाचा अभ्यासक्रम नव्हता.

ही उणीव भरून काढण्याचे काम महादेवलाल श्रॉफ यांनी हाती घेतले. मूळचे बिहारमधील दरभंग्याचे आणि अमेरिकेत शिकून आलेले श्रॉफ यांनी १९३२ साली बनारस हिंदू विद्यापीठात औषधनिर्माणाचे शिक्षण सुरू केले. १९३७ साली तेथे बी. फार्म. अभ्यासक्रम उभा राहिला. दरम्यान, १९३५ साली त्यांच्या पुढाकाराने संयुक्त प्रांतातील औषधनिर्मात्यांची संघटना स्थापन झाली. १९३९ साली तिचे रूपांतर इंडियन फार्मास्युटिकल असोसिएशनमध्ये झाले आणि त्याच वर्षी ‘इंडियन जर्नल ऑफ फार्मसी’ हे नियतकालिक त्यांच्या संपादकत्वाखाली निघू लागले.

श्रॉफ यांच्या नेतृत्वाचे वेगळेपण या क्रमात दिसते. प्रथम शिक्षण, मग संघटना आणि संघटनेबरोबरच संशोधनपत्रिका. व्यापाऱ्यांची संघटना नफ्याचे व हक्कांचे रक्षण करते, आणि तसे करण्यात काही गैर नाही. व्यावसायिकांच्या संघटनेला त्याखेरीज आपल्या सदस्यांच्या ज्ञानाची हमी समाजाला द्यावी लागते. त्या हमीसाठी पदवी आणि संशोधनपत्रिका हवी होती. पुढे १९४० साली औषध कायदा झाला, १९४८ साली फार्मसी कायदा आला आणि १९४९ साली भारतीय फार्मसी परिषद स्थापन झाली. डॉक्टरच्या चिठ्ठीवरील औषध नोंदणीकृत फार्मासिस्टखेरीज कोणी देऊ नये, असे फार्मसी कायद्याचे कलम ४२ सांगते.

कायद्याने दिलेला हा अधिकार पुरेसा ठरत नाही, हे महाराष्ट्राने १९८६ साली पाहिले. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डायएथिलिन ग्लायकॉलमिश्रित ग्लिसरीनमुळे १४ रुग्णांचा मृत्यू झाला. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगाने पुरवठा, खरेदी, तपासणी आणि औषध प्रशासन या साखळीतील दोष उघड केले. प्रत्येक टप्प्यावर सहीचा अधिकार असलेला कोणीतरी होता.

दुकानातील फार्मासिस्टला बाटलीतील विष ओळखता येत नाही, हे खरे. ती जबाबदारी कारखान्याची आणि शासकीय यंत्रणेची आहे. छिंदवाड्यात नेमके कोणाचे काय चुकले, ते न्यायालय ठरवील. तरीही त्या दुर्घटनेतून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. ‘कोल्ड्रिफ’मध्ये क्लोरफेनिरामाइन आणि फेनिलएफ्रिन यांचे मिश्रण होते. चार वर्षांखालील मुलांना हे मिश्रण देऊ नये, अशी सूचना केंद्रीय औषध नियंत्रण यंत्रणेने डिसेंबर २०२३ मध्येच दिली होती. ही सूचना वाचलेला फार्मासिस्ट मुलाचे वय विचारू शकतो, डॉक्टरांना दूरध्वनी करू शकतो आणि बाटली बाजूला ठेवू शकतो. दुसरी गोष्ट नोंदींची. जबलपूरहून कोणत्या बॅचच्या किती बाटल्या कोणत्या दुकानात गेल्या, हे खरेदी-विक्रीच्या कागदांवरूनच शोधता येते. नोंदी चोख असतील तर उरलेल्या बाटल्या काही तासांत परत मिळतात. नसतील तर त्या घराघरांत राहतात.

या दोन्ही गोष्टी घडण्यासाठी फार्मासिस्ट दुकानात प्रत्यक्ष हजर असावा लागतो. भिंतीवर टांगलेले आणि वार्षिक मोबदल्यावर दुसऱ्याला वापरायला दिलेले प्रमाणपत्र मुलाचे वय विचारत नाही. ही प्रथा व्यवसायात सर्वांना ठाऊक आहे. तिच्याविरुद्ध बोलणाऱ्या पदाधिकाऱ्याला आपल्याच सदस्यांची नाराजी पत्करावी लागते. संघटनेतील नेतृत्वाची कसोटी येथे लागते.

६ मार्च हा श्रॉफ यांचा जन्मदिवस भारतीय फार्मसी परिषद राष्ट्रीय फार्मसी शिक्षण दिन म्हणून पाळते. त्यांच्याविषयीची कृतज्ञता मानपत्रांतून व्यक्त होते आणि ती व्हायलाही हवी. मात्र जी व्यवस्था त्यांनी उभी केली, ती औषध आणि रुग्ण यांच्यामध्ये एक जाणकार माणूस उभा राहावा म्हणून. संघटनेने आपल्या सभासदांच्या दुकानांत तो माणूस खरोखर उभा आहे का, हे दरवर्षी स्वतःहून तपासले आणि त्याचा अहवाल त्याच दिवशी सर्वांपुढे ठेवला, तर श्रॉफ यांच्या ऋणाचा काही अंश फिटेल.