बॅनर उतरल्यावर फौजी काय करतो?

आमच्या तालुक्यात पोरगं फौजेत भरती झालं की चौकाचौकात बॅनर लागतात. परत आलं की मात्र एटीएमच्या दारात गार्ड, नाहीतर नुसतं पारावर बसलेलं. बातमीदारी करताना हेच बघतोय.

प्रश्न जुनाच आहे. पहिल्या महायुद्धात दहा लाखांहून जास्त हिंदी सैनिक परदेशी गेले. त्यातली शेतकऱ्यांची कितीतरी पोरं हात-पाय गमावून परतली. आता नांगर कसा धरायचा? अशांसाठी १९१७ साली मुंबईत लेडी विलिंग्डन यांच्या पुढाकाराने क्वीन मेरी टेक्निकल स्कूल निघालं. पुढे ते पुण्याजवळ खडकीला आलं. मोटार, शिवणकाम, सुतारकाम असे हुन्नर तिथं शिकवले. युद्ध इंग्रजांचं, शाळाही त्यांचीच. पण मेडलने चूल पेटत नाही, एवढं त्यांना कळलं होतं.

आता २०२२च्या अग्निपथ योजनेत चार वर्षांनी फार तर २५ टक्के जवान कायम होणार. बाकीची धडधाकट पोरं ऐन पंचविशीत घरी. त्यांच्यासाठी तालुक्याच्या आयटीआयमध्ये जागा किती, हे बॅनर लावणाऱ्या पुढाऱ्यांना एकदा विचारा. मीही विचारणार आहे.