९१ ते ९५

माझ्या बहिणीची मुलगी एकतिसाव्या आठवड्यातच जन्मली. एनआयसीयूच्या काचपेटीत तळहाताएवढं बाळ, आणि बाजूच्या मॉनिटरवर एक आकडा: ९३. कोविडमध्ये आपण सगळेच ऑक्सिमीटर वाचायला शिकलो, त्यामुळे मी सिस्टरना म्हटलं, "थोडा ऑक्सिजन वाढवा ना, शंभर होऊ दे." त्या म्हणाल्या, "नाही हो ताई, ९१ ते ९५च ठेवायचंय. डोळ्यांसाठी."

ऑक्सिजनचा डोळ्यांशी काय संबंध? त्या रात्री बाहेरच्या बाकावर बसून मी वाचायला लागले, आणि थेट १९४२च्या बोस्टनमध्ये पोचले.

तिथे थिओडोर टेरी या नेत्रतज्ज्ञाने अपुऱ्या दिवसांच्या बाळांमध्ये एक नवाच आजार नोंदवला. जन्मानंतर काही महिन्यांत बुबुळामागे पांढुरका पडदा दिसायचा आणि दृष्टी जायची. पुढच्या दहा-बारा वर्षांत जगभरात सुमारे दहा हजार मुलं अशी आंधळी झाली. १९५० साली जन्मलेला गायक स्टीव्ही वंडर त्यांतलाच एक. विचित्र गोष्ट म्हणजे, आजार जास्त होता तो श्रीमंत देशांतल्या उत्तम हॉस्पिटलांत.

कारणांचे अंदाज पुष्कळ झाले, उपायही झाले. न्यूयॉर्कच्या विल्यम सिल्व्हरमन यांनी एसीटीएच हे संप्रेरक दिलं. सुरुवातीला बहुतेक बाळांचे डोळे वाचलेले दिसले आणि औषध सापडलं असं वाटलं. मग त्यांनी चिठ्ठ्या टाकल्यासारखी बाळांची दोन गटांत विभागणी केली. तेव्हा कळलं, की औषध न दिलेली बाळंच जास्त बरी राहिली. आजार अनेकदा आपोआप मागे फिरत होता, आणि श्रेय औषधाला मिळत होतं.

१९५१मध्ये मेलबर्नच्या डॉ. केट कॅम्पबेल यांनी ऑक्सिजनवर बोट ठेवलं. त्याच सुमारास वॉशिंग्टनमध्ये आर्नॉल पॅट्झ या तरुण डॉक्टरलाही तीच शंका आली होती. सरकारी निधी नाकारला गेला, कारण ऑक्सिजन कमी करून बाळं मारायची का, असा आक्षेप होता. पॅट्झ यांनी भावाकडून पैसे उसने घेतले आणि प्रयोग सुरू केला. पण रात्रपाळीच्या काही नर्सेस कमी ऑक्सिजनच्या गटातल्या बाळांचा ऑक्सिजन गुपचूप वाढवायच्या. त्यांना बाळाचा जीव वाचवायचा होता. खरं सांगते, तो नॉब माझ्या हाताशी असता तर मीही फिरवला असता.

पहिले निकाल आले तेव्हा भरपूर ऑक्सिजन मिळालेल्या गटात जवळपास पाव बाळांना गंभीर आजार झाला होता. कमी मिळालेल्या गटात एकालाही नाही. मग अमेरिकेतल्या १८ हॉस्पिटलांनी मिळून मोठा अभ्यास केला आणि १९५४मध्ये तेच सिद्ध झालं. डोळ्याच्या पडद्यातल्या रक्तवाहिन्या नऊ महिने भरेपर्यंत वाढत असतात. जादा ऑक्सिजनमुळे ती वाढ थांबते, नंतर वेड्यावाकड्या वाहिन्या फुटतात आणि पडदा ओढला जातो.

मला वाटलं, गोष्ट इथे संपली. पण नाही.

त्या मोठ्या अभ्यासात जन्मानंतर ४८ तास जगलेलीच बाळं घेतली होती. म्हणजे पहिल्या दोन दिवसांत ऑक्सिजन कमी केला तर काय होतं, हे त्यात तपासलंच गेलं नव्हतं. तरी सगळीकडे पहिल्या तासापासून हात आखडता घेतला गेला. आंधळेपण झपाट्याने घटलं. १९७३मध्ये केनेथ क्रॉस यांनी 'लॅन्सेट'मध्ये हिशोब मांडला: वाचलेल्या प्रत्येक दृष्टीमागे अंदाजे १६ बाळं दगावली असावीत. जादा ऑक्सिजनने गेलेले डोळे दिसत होते. कमी ऑक्सिजनने गेलेले जीव 'अपुऱ्या दिवसांचं होतं' या नोंदीत मिसळून गेले.

मग नेमका किती द्यायचा? याचं नीट उत्तर शोधायला २०१० उजाडलं. अमेरिकेतल्या 'सपोर्ट' अभ्यासात २४ ते २७ आठवड्यांच्या १३१६ बाळांचे दोन गट केले: एकाची पातळी ८५ ते ८९, दुसऱ्याची ९१ ते ९५. खालच्या गटात वाचलेल्या बाळांपैकी ८.६ टक्क्यांना डोळ्यांचा गंभीर आजार झाला, वरच्या गटात १७.९ टक्क्यांना. पण घरी जाण्याआधीचे मृत्यू खालच्या गटात १९.९ टक्के होते, वरच्या गटात १६.२. डोळे उपचारांनी अनेकदा वाचवता येतात, जीव गेला की गेला. म्हणून कल वरच्या पातळीकडे झुकला.

याच अभ्यासावर २०१३मध्ये वादळ उठलं. संमतीपत्रात हा धोका आईवडिलांना पुरेसा स्पष्ट सांगितला नव्हता, असा ठपका अमेरिकी सरकारच्या देखरेख कार्यालयाने ठेवला. अनेक डॉक्टरांचं उत्तर होतं, की दोन्ही पातळ्या तेव्हा रोजच्या वापरातल्याच होत्या. मला दोन्ही बाजू पटतात. प्रयोग केला नसता तर आपण अंदाजानेच नॉब फिरवत राहिलो असतो. पण ज्या आईने सही केली, तिला पूर्ण गोष्ट कळायला हवी होती.

हा इतिहास आपल्याकडे अजून चालू आहे. भारतात छोट्या शहरांतही एनआयसीयू झाले, बाळं वाचू लागली. पण ऑक्सिजन मोजूनमापून देण्याची सोय सगळीकडे नाही. त्यामुळे इथे थोड्या मोठ्या, जास्त वजनाच्या बाळांनाही हा आजार होतो. म्हणून आपल्याकडचा नियम असा: ३४ आठवड्यांआधी जन्मलेल्या किंवा २ किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाचे डोळे तिसाव्या दिवसाच्या आत नेत्रतज्ज्ञाकडून तपासून घ्यायचे, फारच लहान बाळांचे त्याहून लवकर. आजार वेळेत सापडला तर लेझरने बहुतेकदा दृष्टी वाचते. डिस्चार्जच्या गडबडीत ही तारीख हुकते. तुमच्या घरात असं बाळ असेल तर स्वतःहून विचारा.

भाचीची तपासणी सव्विसाव्या दिवशी झाली. पडदा ठीक होता, दोन आठवड्यांनी पुन्हा बोलावलं. बहिणीने ती तारीख फ्रिजवर लिहून लावली.