तारण पडलेला प्रांत

21 मे 1853 रोजी झालेल्या तहाने हैदराबादच्या निजामाने वऱ्हाड प्रांत ईस्ट इंडिया कंपनीच्या हवाली केला. कारण होते फौजेचा खर्च. हैदराबाद कंटिंजंट नावाची ही फौज निजामाच्या राज्याच्या रक्षणासाठी म्हणून उभी होती. तिच्यावर इंग्रज अंमलदार होते आणि पगार मात्र निजामाच्या खजिन्यातून जायचा. तो थकत गेला, कर्ज साचले आणि त्याच्या वसुलीसाठी सुपीक वऱ्हाडाचा सारा बांधून दिला गेला. आज संग्रामपूर तालुक्यात मोडणारा सातपुड्याच्या पायथ्यापासून पूर्णा नदीपर्यंतचा काळ्या मातीचा पट्टाही त्यातच होता. पाच हजार पायदळ, दोन हजार घोडेस्वार आणि चार तोफखाने यांचा भार असा शेतकऱ्याच्या खळ्यावर पडला. सुरक्षेचा इतिहास वाचताना लढाया आणि किल्ल्यांइतकेच याकडेही पाहिले पाहिजे: संरक्षणाचा खर्च कोणी सोसला आणि आसरा कोणाला मिळाला? या पट्ट्यात ही दोन माणसे फार क्वचित एक होती.

यावर रास्त आक्षेप असा, की शांतता नसेल तर शेतीच होत नाही. तो खरा आहे. 29 नोव्हेंबर 1803 रोजी जवळच्याच अडगावला इंग्रज सेनापती वेलस्लीने नागपूरकर भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला, वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख निजामाकडे गेला, आणि पुढची दीड दशके वऱ्हाडाने पेंढाऱ्यांच्या धाडी सोसल्या. गावोगावच्या पांढऱ्या मातीच्या गढ्या त्या धास्तीच्या काळाची साक्ष देतात. गावात जागल्या रात्रीची गस्त घालायचा आणि चोरीचा माग काढायचा. पण घोड्यावरून आलेल्या टोळीपुढे त्याची काठी काय करणार? 1853 नंतर रस्ते झाले, जमिनीची मोजणी होऊन तीस वर्षांसाठी सारा ठरला, खातेदाराचा हक्क कागदावर आला. 1870 मध्ये खामगावपर्यंत रेल्वेचा फाटा पोचला आणि वऱ्हाडी कापूस थेट मुंबईच्या बंदराला लागला. हे सारे उपकारकच होते.

पण धाडी थांबल्या म्हणून शेतकरी निर्धास्त झाला नाही. त्याची भीती नुसती जागा बदलून बसली. ज्या कागदाने जमीन त्याच्या नावावर केली, त्याच कागदावर ती सावकाराकडे गहाण पडू लागली. ज्वारीच्या रानात कापूस शिरला, तेव्हा घरच्या कणगीचा भरवसा बाजारभावावर गेला. 1896-97 आणि 1899-1900 असे दोन दुष्काळ लागोपाठ आले. रेल्वे होती, पण धान्य विकत घ्यायला हातात पैसा नव्हता. 1891 ते 1901 या दशकात वऱ्हाडची लोकसंख्या सुमारे 29 लाखांवरून 27.5 लाखांवर आली. दुष्काळी कामे सरकारने काढली होती, हे मान्य. तरी ज्या प्रांताने अर्धशतक फौज पोसली, त्याला पडत्या काळात पोटभर भाकरीची हमी नव्हती. 1902 साली वर्षाला 25 लाख रुपयांवर वऱ्हाड इंग्रजांकडे कायमच्या भाडेपट्ट्याने गेला, तेव्हाही सौदा दोन सरकारांतलाच होता.

स्वातंत्र्यानंतर हा हिशेब थोडा सुधारला. 1972 च्या दुष्काळाच्या अनुभवातून पुढे आलेल्या रोजगार हमी योजनेला 1977 च्या कायद्याचे बळ मिळाले आणि मागेल त्याला काम हा हक्क झाला. सुरक्षा म्हणजे मजुराच्या हाताला काम, हे राज्याने प्रथमच कायद्याने कबूल केले. पण आजचा धोका जमिनीखालून येतो. पूर्णेच्या खोऱ्यातला हा खारपाणपट्टा. विहिरीचे पाणी तोंडात घेतले की मचूळ लागते, त्यात डाळ नीट शिजत नाही, आणि मूत्रपिंडाच्या विकाराने खचलेली घरे गावोगाव आहेत. या आजारामागे क्षारांखेरीज इतर कारणेही असू शकतात, हे डॉक्टरांचे म्हणणे डावलता येत नाही. पण कारणांची छाननी चालू असताना माणसांनी तेच पाणी पीत राहावे, हे कोणत्या न्यायात बसते? म्हणून वान धरणातून जळगाव जामोद आणि संग्रामपूरच्या गावांना गोडे पाणी देणारी योजना ही या भागापुरती संरक्षणाचीच बाब आहे. जलवाहिनी फुटली किंवा वीजबिल थकले म्हणून नळ कोरडा राहिला, तर ती किरकोळ गैरसोय नव्हे, हलगर्जी समजली पाहिजे. ज्यांच्या साऱ्यावर फौजा पोसल्या गेल्या, त्यांच्या घागरीत रोज गोडे पाणी पडते का, यावरच इथल्या सुरक्षेचे माप ठरावे.